माझा डावा हात उत्तम आहे

२ फेब्रुवारी
बीपी १७०/१००. डॉक्टर म्हणाले, गोळी रोज घ्या, नाहीतर स्ट्रोक येईल. महाडच्या हायस्कुलात आयुष्यभर गणित शिकवलं. आकड्यांना मी घाबरत नाही.
संकल्प: मीठ कमी. रोज चवदार तळ्यापर्यंत चालणे. उद्यापासून.

५ फेब्रुवारी
मीठ बंद. पापड खाल्ले, पण पापडातलं मीठ धरत नाहीत. चालणे: थंडी. गोळी: आज डोकं दुखत नाही, म्हणजे बीपी नाही. उगाच कशाला?

११ फेब्रुवारी
बायको, म्हणजे अनुपमा, स्ट्रोकवरच्या व्याख्यानाला जाऊन आली. मी गेलो नाही, आजारी लोकांचा कार्यक्रम. सांगत होती की तोंड वाकडं होतंय का, हात खाली पडतोय का, बोलणं अडखळतंय का, ते बघायचं आणि तडक हॉस्पिटल गाठायचं. मी हं हं केलं. मॅच चालू होती.

२६ फेब्रुवारी, हॉस्पिटल
परवा सकाळी हातातून कप पडला. कपच निसरडा. चहा ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळला. पातळ केला होता.
अनुपमा म्हणाली, "जरा हसून दाखवा." लग्नानंतर अशी मागणी पहिलीच. मनापासून हसलो. तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "दोन्ही हात वर करा." केले. डावा खाली आला, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, जरा पडतो, बरं वाटेल. तिला म्हणे "जला पलतो" ऐकू आलं. तिचे कान तपासून घ्यायला हवेत.
पडू दिलं नाही. इस्त्रीचा शर्टही घालू दिला नाही. शेजारच्या अश्विनच्या गाडीत कोंबलं. सीटी स्कॅन बनियनवर.
मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात म्हणून इंजेक्शन देता आलं, झोपला असतात तर कठीण होतं. वेळेत आल्याबद्दल मी त्यांचे आभार स्वीकारले.
अनुपमाने विचारलं, भीती वाटते का? नाही म्हटलं. तिचा हात मात्र सोडला नाही. तिला वाटत असणार.

८ मार्च, घरी
डावा हात उत्तम आहे. फक्त ऐकत नाही.
फिजिओथेरपिस्ट चैत्राली रोज ओला टॉवेल पिळायला लावते. गणिताच्या माणसाला धुणं! गोळ्या आता अनुपमा समोर उभी राहून देते. संकल्प: महिनाअखेर हात पूर्ववत.

२० मार्च
आज सत्याग्रहाचा दिवस, चवदार तळ्यावर लांबलांबून माणसं आली आहेत. अनुपमाला म्हटलं, एवढ्या गर्दीत काठी घेऊन कसं चालणार? तिने खिडकीतून एक आजोबा दाखवले. काठी टेकत तिकडेच निघाले होते. मग निदान अंगणात चाललो.

३१ मार्च
हात पूर्ववत नाही. मार्च फार लहान महिना आहे. शर्टाचं बटण लावता लावता रडू आलं. चैत्राली म्हणाली, "काका, स्ट्रोकनंतर असं होतं. मनात ठेवू नका." जवळच्या नाते गावात रविवारी अशा पेशंटची आणि घरच्यांची बैठक भरते म्हणे. त्यांना मार्गदर्शनाची गरज असणार. भाषण लिहून काढतोय.

५ एप्रिल, रविवार
नात्याला गेलो. विषय: स्ट्रोकवर संपूर्ण मात. दुसऱ्याच वाक्याला शिवथरच्या आनंदीबाईंनी थांबवलं. भातशेती करतात, स्ट्रोक येऊन गेलाय, अजून एक पाय ओढतात. म्हणाल्या, "मास्तर, मात ऱ्हाऊंदे. तुमाला भ्या वाटतंय का नाय, तेवढं सांगा."
हा मुद्दा भाषणात नव्हता.
"वाटतं," म्हटलं. भाषणाचा कागद खिशात घातला. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, फळ्यावर उत्तर बरोबर आल्यासारख्या. अनुपमा मात्र माझ्याकडे बघतच राहिली.
शेवटी कामं वाटली. अध्यक्षपद नम्रपणे कसं नाकारायचं, हे ठरवून गेलो होतो. अध्यक्ष आनंदीबाई आहेत.
माझ्याकडे खुर्च्या मांडण्याचं काम. प्लास्टिकच्या. एका वेळी एकच, आणि डाव्या हाताने.