सोळा सेंटिमीटरचा चेहरा

३ मार्च

बोक्याने चेहऱ्याचे मग बाजारात आणलेत. आपलेच! समुद्राकाठच्या हॉटेलच्या बारमध्ये ओळीने मांडलेले दादाने स्वतः पाहिले. एक विकत घेऊन आला आणि माझ्या टेबलावर आपटला. तेच बटबटीत डोळे, तेच दात, डाव्या भुवईवर तोच टवका. "बघ, बघ तुझ्या लाडक्याचे प्रताप!" माझा लाडका कधीपासून? नऊ वर्षं बोका दादाच्याच हाताखाली काम करत होता. गेल्या वर्षी सोडून गेला तेव्हा निरोपाचा मगही दादानेच दिला, वर डोळे पुसले.

हॉटेलने यंदा मगांसाठी आपल्याला विचारलंच नव्हतं. आता कळलं का ते.

४ मार्च

मोजले. आपला मग सोळा सेंटिमीटर. बोक्याचा चौदा.

माती वाळताना आणि भाजताना आक्रसते, साधारण आठवा हिस्सा जातो. म्हणजे बोक्याने चेहरा कोरलाच नाही. आपल्या तयार मगावरच प्लास्टर ओतून साचा काढला, त्यात पातळ माती ओतली, आणि भट्टीतून बाहेर आला तो बुटका. मूळ नमुना मोठा करून घ्यायचा असतो, हे त्याला मीच शिकवलं होतं. शिकवलेलं कुठे जातं देव जाणे.

दादा जाम खूश. "माप खोटं बोलत नाही!" दिवसभर खिशात पट्टी घालून फिरला. वहिनीला तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "कळलं हो, आता जेवा."

७ मार्च

बोक्यावर दावा लावायचा म्हणून वकिलांकडे गेलो. खोलीत दोनच खुर्च्या, मी स्टुलावर.

वकिलांनी विचारलं, "हा चेहरा मुळात कुणाचा?"

"माझा. बावीस वर्षांपूर्वी या हातांनी कोरला," दादा म्हणाला. हात पुढे करून दाखवलेसुद्धा.

"पण हे बेटांवरचं काहीतरी असतं ना?"

मग मी सांगितलं. पॅसिफिक महासागरातल्या काही बेटांवर लाकडी खांबांवर असे चेहरे कोरतात. कुठे देव, कुठे पूर्वज. ते पाहून बारवाल्यांनी मग काढले, त्यांना टिकी मग म्हणतात.

"म्हणजे कुणाच्या तरी पणजोबांत आपण दारू ओततो?"

मी म्हटलं, हो. दादाने माझ्याकडे पाहून डोळे वटारले.

वकील म्हणाले, ते पणजोबा काही आपल्यावर दावा लावायला आलेले नाहीत. वकिलांना दोन गोष्टी हव्यात: पहिला नमुना आणि साक्षीदाराची सही. साक्षीदार मी! 'भावाने माझ्यासमोर कोरला' असा कागद करणार. सही अठरा तारखेला.

माझ्यासमोर नाही कोरला. एक दिवस तो साचा घेऊन घरी आला, एवढंच मी पाहिलं. पण दादा नाही तर कोण कोरणार? घरात कलाकार तो. मी ओतणारी.

९ मार्च

चाळीस मग ओतले. तीन गेले, त्यातल्या एकाचं नाक खचलं. साच्यातून ओला मग सोडवताना माझा डावा अंगठा गालाच्या खोबणीत जातो. दादाचा जात नाही, तो कानाला धरतो आणि कान मोडतो. म्हणून सोडवायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे.

१० मार्च

दादाला विचारलं, पहिला नमुना कुठे आहे? "फुटला."

११ मार्च

पुन्हा विचारलं. घर बदलताना हरवला म्हणे. काल फुटला होता!

१२ मार्च

वहिनी म्हणाली, बाईंना विचार, त्यांच्याकडे वर्गातले फोटो असतील. दादा मातीकाम बाईंकडेच शिकला. तो घाईघाईने म्हणाला, "बाईंना कशाला त्रास? ऐंशी उलटल्या त्यांच्या." इतकी वर्षं बाईंची आठवण न काढणाऱ्याला एकदम दया आली.

मीही त्याच वर्गात जायचे, दोन महिने. मग आमचे वडील, अण्णा, अंथरुणाला खिळले. कुणीतरी घरी बसायला हवं होतं, मी बसले. शेवटचं काम ओल्या फडक्याखाली झाकून आले होते, परत गेलेच नाही. काय होतं तेही धड आठवत नाही. पंचवीस वर्षं झाली.

१४ मार्च

दादाला न सांगता बाईंकडे जाऊन आले. दोन बस बदलून.

बाईंना आता फार दिसत नाही. मी आमचा मग आणि बोक्याचा मग हातात दिले, तर दोन्हींवरून बोटं फिरवली आणि हसल्या. "वरच्या फळीवरून पेन्सिलींचा मग काढ."

काढला. जाड, जड, हाताने घडवलेला. तोच चेहरा. दात नाहीत, नुसता मिटलेला ओठ. पण डाव्या भुवईवर टवका आहे! पर्समधून टेप काढली. सव्वाअठरा सेंटिमीटर. आठवा हिस्सा वजा केला की सोळा. दोनदा हिशेब केला, उत्तर बदललं नाही.

"हा तुमचा, बाई?"

"माझा कुठला! वर्गातला आहे. तुझा भाऊ साच्यासाठी मागून घेऊन गेला होता. परत मात्र आणून दिला हो, तसा प्रामाणिक आहे."

म्हणजे दादाही बोकाच.

"कुणी केलेला?"

"खाली लिहिलंय. बेटावरच्या एका खांबाचा फोटो बघून केला होता, ते कबूल. पण बघून केला, ओतून नाही." पेन्सिली काढून मग वर्तमानपत्रात गुंडाळायला लावला. "आता घरी जाऊन उलटा करून बघ. इथे मला रडारड नको."

रडारड कसली? चोरी दादाने केली, चेहरा कुणा परक्याचा. मी कशाला रडू?

१५ मार्च

पुडकं कपाटात ठेवलंय, साड्यांमागे. उघडलं नाही.

संताप होतोय. बावीस वर्षं प्रदर्शनांत, गिऱ्हाइकांपुढे, माझ्यापुढेसुद्धा 'माझा चेहरा, माझा चेहरा'. आणि वर बोक्याला चोर म्हणायचं! सकाळी दादा पट्टी घेऊन आला, मला म्हणाला, "साक्षीदार, चहा झाला का?" मी कप त्याच्यापुढे आपटला.

नाव वाचलं तर सही करता येणार नाही. नाही वाचलं तरी सही खोटीच. पण जरा कमी खोटी.

१६ मार्च

भट्टी लावली. सदतीस मग. दादाशी कामापुरतं बोलले.

बोक्याचा राग मात्र ओसरला. त्याने जे पाहिलं तेच केलं.

१७ मार्च

उद्या सही. पुडकं तसंच आहे. वहिनीने विचारलं, बरं नाही का? म्हटलं, पाठ दुखतेय.

१८ मार्च

सकाळी आंघोळ केली आणि पुडकं सोडलं. मगाच्या बुडाला सुईने कोरलेलं: हजेरी नंबर सत्तावीस. सात उलटा काढलेला. उलटा सात काढण्यावरून शाळेत मीच छड्या खाल्ल्यात. डावा अंगठा गालाच्या खोबणीत घातला. गेला. जरा घट्ट, भाजल्यावर आक्रसतंच.

मग घेऊन दादाकडे गेले. तो रंगाचा ब्रश धुवत होता. बूड पाहून खाली बसला. "तुझ्यासारखा हात मला नव्हता. सांगणार होतो."

"कधी?"

"पहिला साचा झिजला की."

"त्याला अठरा वर्षं झाली!"

"हो." ब्रश फडक्याला पुसत, हळूच, "दात माझे आहेत. ते मी साच्यात कोरले."

खूप राग आला. आणि रागाच्या आत खुशी, इतकी की लाज वाटली. बाईंना सांगायला हवं, रडले.

वकिलांना फोन केला. म्हटलं, सही करायला येते, पण कागद नव्याने टाइप करा. चेहरा मी केला. दात भावाचे.