बाबा बरे आहेत, त्याबद्दल माफी

ती. आत्या,

तुमच्या पाया पडते, आणि या खेपेस जरा जास्त वेळ तशीच राहते. कारण पुढे कळेलच. तुमची कंबर कशी आहे? आमच्याकडे सगळे बरे आहेत. बाबासुद्धा. लाज वाटते ती त्याचीच.

बाबांच्या छातीतली गाठ काढली. कर्करोग नव्हताच. नसांच्या आवरणातून क्वचित कुणाला होते अशी निरुपद्रवी गाठ निघाली. पण सोंग इतकं हुबेहूब, की हाताला दगडासारखी, फोटोत कडा काटेरी, आणि सुईने काढलेल्या तुकड्यावरून काहीच ठरेना. सर्जनही फसले. (मात्र ते 'शंका आहे' एवढंच म्हणत होते. रिपोर्टातही तेच होतं. पण मी घरातली पहिली पदवीधर, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि नुसती शंका सांगायला पदवी कशाला हवी? मी 'कर्करोगच' म्हणाले. वर सत्य लपवू नये यावर छोटंसं भाषणही केलं. पदवी वाणिज्याची आहे, हे तेव्हा कुणालाच आठवलं नाही, मलाही.)

मग बाबांनी निरवानिरव काढली. आजीचं शिलाई मशीन, ज्यावरून तुम्ही दोघं इतकी वर्षं बोलत नव्हता, ते दुकानातून उचलून टेम्पोने तुमच्याकडे धाडलं. फोनवर तुम्ही रडलात, ते रडले, आणि मी बाजूला उभी राहून माझ्या खरेपणावर खूश होते.

आता ते दुकानात बसून हाताने काजं करतात. तुमचा फोन आला की 'झोपलोय म्हणून सांग' म्हणतात. काल आईला म्हणाले, "मरतो सांगून मशीन दिलं, आणि आता दोन्ही वेळा पोटभर जेवतोय. ताईला काय तोंड दाखवू?"

आई म्हणाली, "आहे तेच दाखवा. दुसरं कुठून आणणार?"

आत्या, रुसायचं तर माझ्यावर रुसा. त्यांच्याशी पुन्हा अबोला धरू नका.

तुमची भाची
(फक्त वाणिज्य पदवीधर)

ता. क. हे पत्र मशीन परत मागायला नाही. फक्त त्याच्या खणात बाबांची मोठी कात्री राहिली आहे. टपालाने पाठवू नका, धार आहे. स्वतः घेऊन या.

ता. क. (बाबा जेवायला उठल्यावर) कात्रीचं बाबांनी लिहायला लावलं. खणात ती सापडणार नाही. ती इथे माझ्यासमोर आहे. तरी या.