रेवाचे थेंब आणि भिंतीपलीकडचे लूम

३० मार्च, रवि.
पाडवा. गुढी उभारली, श्रीखंड आणलं, कुणाच्या घशाखाली उतरलं नाही. रेवा तीन दिवस भिंतीवर डोकं आपटतेय. सहा वर्षांची पोर, काय होतंय ते सांगताही येत नाही. कपाळ सुजलंय. त्यात गल्लीत सगळं चिडीचूप. ईद उद्या, भिंतीपलीकडच्या यंत्रमागाच्या कारखान्यातले कारागीर गावाला गेलेत, कारखाना बंद. तिचा एकेक ठोका माझ्या छातीत बसतो.
मिलिंदने पडघ्याच्या डॉ.ची वेळ घेतली. मला न विचारता.

२ एप्रिल, बुध.
पडघा. बाहेर ट्रकांची रांग, आत आमच्यासारख्या आईबापांची. डॉ. म्हणे शरीरात विष साठलंय. आधी थेंब, मग पाठीच्या कण्यात इंजेक्शन. "माझ्याकडची मुलं बोलतात."
धोका काय, विचारलं. हसला. "मॅडम, रस्ता ओलांडण्यातही धोका असतो."
रेवाच्या थेरपीवाल्या ताईंना फोन केला. त्या ओरडल्याच. "ऑटिझमला असलं औषध नसतं हो! कण्याला हात लावू देऊ नका!" मिलिंद म्हणाला, त्यांचं काय जातंय, पोरगी आपली आहे.
बुडत्याला काडीचा आधार. थेंब घेऊन आलो. मीही आले, एकटा तोच नाही.

५ एप्रिल, शनि.
थेंब दिले की उलटी. डॉ. म्हणे, विष निघतंय. माझं डोकं! खाल्लेली खिचडी निघतेय. आपटणं चालूच.

९ एप्रिल, बुध.
शांत झाली!!! काल दुपारपासून एकदाही आपटलं नाही. जेवली. दुपारी गाढ झोपली. सासूबाईंनी मीठ-मोहरी ओवाळून टाकली. मिलिंद पूर्ण्याच्या गोडाउनमधल्या कामावरून आला, तिला शांत बसलेली पाहून बाथरूममध्ये जाऊन रडला. मला ऐकू आलं.
शेजारची फेहमीदाभाभी, कारखाना त्यांचाच, ईदचा राहिलेला शीरखुर्मा घेऊन आली. "कारीगर आ गये, कल दोपहर से कारखाना चालू हो गया." मी ऐकलं न ऐकलं. मला कुठलं भान.
डॉ. म्हणाला, लोहा गरम है. इंजेक्शन २१ तारखेला, सोमवारी.

११ एप्रिल, शुक्र.
पुन्हा सुरू. सकाळपासून. ओठ फुटला. मिलिंद फोनवर, "थेंब चुकवलेस का?" मी कशाला चुकवेन! डॉ.ने थेंब वाढवले. उलट्या वाढल्या.

१२ एप्रिल, शनि.
आज शांत. भाभीच्या बाजूच्या भिंतीला गाल लावून बसली होती. पलीकडे लूम धडधडत होते. लग्न झाल्यापासून तो आवाज आहे, मला आता ऐकूच येत नाही.
काल शुक्रवार. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी.
अगं बाई.

१५ एप्रिल, मंगळ.
दुपारी लाईट गेली. लूम थांबले, तिने डोकं आपटलं. लाईट आली, लूम सुरू, गाल पुन्हा भिंतीला. मी पाहिलंय, स्वतःच्या डोळ्यांनी.
मिलिंदला सांगितलं. "म्हणजे माझी पोरगी शेजाऱ्याच्या लूमवर चालते?" मग म्हणाला, तुला ती बरी व्हायलाच नको आहे. असं बोलला. मला. थेंब मी बंद केलेत. कळलं तर कळू दे.

१८ एप्रिल, शुक्र.
मिलिंदने रजा घेतली, सोमवारची बॅग भरायला. रेवाचं आपटणं चालू. भिंतीपुढे उशी धरून बसला होता बिचारा.
भाभीकडे गेले. एक लूम चालवाल का, थोडाच वेळ?
"जुमे को?" मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. "नमाज़ हो जाने दे. मैं बोलती इनको."
दुपारी एकच लूम सुरू झाला. रेवा थांबली. उठली, चालत भिंतीशी गेली, गाल टेकवला. मिलिंदच्या हातात उशी तशीच.  बॅग मात्र रिकामी केली नाही.

२० एप्रिल, रवि.
सकाळी म्हणाला, "आवाजाने शांत होते, मान्य. बोलत तर नाही ना? इंजेक्शनने बोलली तर? एकदा बाबा म्हणाली तर?"
 मला नाही का ऐकायचं तिच्या तोंडून आई? पण तो कणा आहे. बोटाएवढा पण नाही तिचा. काही झालं तर कुठे जायचं, कुणाला विचारायचं?
बॅग दाराशी. उद्या पहाटे गाडी येणार.
आत्ता संध्याकाळ. लूम चालू. रेवा भिंतीशी, आणि तिच्या शेजारी हा, गुडघ्यावर बसून, भिंतीला कान लावून. विचारलं, "गाडीवाल्याला नको म्हणून सांगू?"
म्हणाला, "थांब. ऐकू दे जरा."
पहाटे मी तिला उठवणार नाही. त्याने उठवलं तर मी दारात आडवी उभी राहणार.