कुठं आलो?

प्रिय लंबू,

माझं पत्र बघून तू कपाळाला हात लावशील. उजवा ऐकत नसेल तर डावा लाव. इतकी वर्षं एका केबिनमध्ये काढली, पण तुला साधी चिठ्ठी लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. एकाने चालवायचं, दुसऱ्याने सीटमागच्या गादीवर झोपायचं, आणि पाळी बदलताना चार शब्द बोलायचे, तेही टायरमधल्या हवेबद्दल. लोकांना वाटायचं, हे दोघं दिवसभर गप्पा छाटत जात असतील. त्यांना काय सांगणार, आपली भेटच मुळी गाडी थांबली की व्हायची. आता वहिनी फोन तुझ्या कानाला लावतात, मी इकडून बडबडतो आणि तिकडून नुसता तुझा श्वास येतो. मग मी भलतंच काहीतरी सांगत बसतो, कांदे कुठं स्वस्त मिळाले वगैरे, आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच वैतागतो. तुला कांद्याचं काय पडलंय? म्हणून म्हटलं, लिहावं. तुझे डोळे शाबूत आहेत. वाच.

कारखान्याच्या फाटकाबाहेर रांगेत उभा आहे. गाडीत कागदाची मोठाली रिळं आहेत, एकेक रीळ आपल्या दोघांच्या वजनाला भारी. आभाळ भरलेलं आहे आणि पडत काही नाही, त्यामुळे ताडपत्री सोडावी की राहू द्यावी या विचारात सगळी रांग बसून आहे. पुढच्या गाडीवाल्याने शर्ट धुऊन आरशाला वाळत टाकलाय. फाटकावरचा पहारेकरी तोच, मिशीवाला, तुझ्याशी भांडायचा तो. त्याने मला विचारलं, "तुमचा तो उंच माणूस कुठाय?" मी म्हटलं, सुट्टीवर आहे. तो म्हणाला, "बरं आहे बुवा, मजा आहे त्यांची." मी पाण्याची बाटली भरायला गेलो आणि नळापाशी उगीचच बराच वेळ उभा राहिलो.

रस्त्याचं म्हणशील तर आहे तसाच आहे. पंपाच्या नळाखाली अंघोळ, चाकाआड स्टोव्ह, जेवताना तोंडात निम्मी धूळ. घाटाखालची ती खानावळ बंद पडली. म्हातारा गेला आणि मुलांना त्यात राम वाटेना. माझा गुडघा क्लच दाबताना कुरकुरतो. आणि आरसे आहेत तसेच राहतात. तुझ्या पाळीनंतर मी बसलो की सीट पुढे ओढायची, आरसे खाली वळवायचे. माझ्यानंतर तू बसलास की सीट मागे, आरसे वर, आणि तुझं ते ठरलेलं पुटपुटणं, की बुटक्याने परत आरशांची वाट लावली. किती वैतागायचो मी त्यावर! आता सकाळी गाडीत चढतो तेव्हा सीट जिथे सोडली तिथेच असते, आरशात मागचा रस्ता नीट दिसतो. मला ते अजिबात आवडत नाही. परवा मी आरसा मुद्दाम वर वळवून ठेवला आणि सकाळी खाली घेतला. हस, हसायचं तर.

याहून मोठा वेडेपणा ऐक. टेकडीच्या पायथ्याशी ते वडाचं झाड आहे ना, जिथे आपण पाळी बदलायचो, तिथे आठवड्यापूर्वी दुपारी मी गाडी थांबवली. इंजिन चालू ठेवलं, हँडब्रेक ओढला, खाली उतरलो, नेहमीसारख्या चाकांना लाथा घातल्या, गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराने वर चढलो आणि बसलो. पाय लांब केले. टोपी तोंडावर ओढली. गाडी निघायची वाट बघत राहिलो. निघेना, तेव्हा मनात म्हटलं, हा लंबू अजून झाडामागे काय करतोय? आणि मग टोपी काढून बघितलं तर स्टिअरिंगमागे कोणीच नव्हतं. लंबू, मी रडलो. सरळ सांगतो, लाज कसली. रडलो, तोंड धुतलं, आणि परत वळसा घालून जागेवर येऊन बसलो.

मालकाने एक जोडीदार दिला होता. माणूस वाईट नव्हता. पण चालवायचा कसा, तर गाडीवर सूड उगवल्यासारखा. ब्रेक मारला की मी गादीवरून निम्मा खाली. झोपच येईना. पडदा बाजूला करून मी त्याच्या मानेकडे बघत पडायचो. एक खेप झाली आणि त्याने मालकाच्या तोंडावर सांगितलं, "हा माणूस डोळे उघडे ठेवून झोपतो, मला भीती वाटते." गेला. मालक माझ्यावर खेकसला, "एकट्याने ओढायची तर ओढ मग." ओढतोय. पोचायला उशीर होतो, बोलणी खातो. पण खरी अडचण झोपेची नाही, चालवण्याची आहे. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू डोक्यावर बसला असतास. तुझ्या घोरण्यावर मी गाडी चालवायचो. रस्ता गुळगुळीत असला आणि गिअर अलगद पडला की तुझं घोरणं एका लयीत चालायचं. मी खड्ड्यात घातली की ते अडकायचं, आणि वळणावर जास्त जोर केला की तू झोपेतच हुंकार द्यायचास. इतकी वर्षं झोपेत तू माझी परीक्षा घेत होतास. आता मागे सामसूम आहे, आणि मला कळतच नाही मी नीट चालवतोय की नाही. परवा सरळ रस्त्यावर दगडाच्या कठड्याला गाडी घासली. पत्र्याला ओरखडा आहे, मी धड आहे, वहिनींना घाबरवू नकोस.

आणि तुझं ते "कुठं आलो?" इंजिन चालू असताना डोक्यावर ढोल वाजवले तरी तू उठायचा नाहीस, पण चावी फिरवून इंजिन बंद केलं की पडद्यामागून लगेच, "कुठं आलो?" मी कधी खरं सांगितलं, तर कधी म्हटलं, तुझ्या सासरी आलो, उतर. त्या सकाळी पंपावर इंजिन बंद केलं आणि मागून काहीच आलं नाही. घोरणं चालू होतं, पण ते तुझं नव्हतं, ओलं होतं, एका बाजूने येणारं. मी पडदा ओढला. तुझं अर्धं तोंड उतरलं होतं आणि एक डोळा माझ्याकडे बघत होता. त्यानंतर मी कशी चालवली ते मला आठवत नाही. भरलेली गाडी घेऊन मी थेट इस्पितळाच्या फाटकावर गेलो, कमानीखालून ती जाईना, रखवालदार ओरडतोय, मी हॉर्नवरचा हात काढत नाही. शेवटी भाजीवाले, रिकामे उभे असलेले लोक, सगळ्यांनी मिळून तुला खाली उतरवलं. तुझे पाय स्ट्रेचरच्या बाहेर लोंबत होते. तशातही माझ्या मनात आलं, एवढा लांब माणूस कशाला जन्माला घालतात.

मागच्या खेपेनंतर मी तुझ्या घरी आलो होतो तेव्हा तू भिंतीकडे तोंड केलंस. मी गेल्यावरच वळलास म्हणे. मला राग आला नाही. तुला सकाळीच डॉक्टरांनी सांगितलं होतं की स्टिअरिंग आता विसरायचं. मलाही वहिनींनी दारातच सांगितलं होतं. आपल्या दोघांना ते ठाऊक होतं, आणि मी मूर्खासारखा तुझ्या पाठीला सांगत बसलो की लवकर बरा हो, गाडी वाट बघतेय. यापुढे तसलं बोलणार नाही. तू परत चालवणार नाहीस. हे लिहायला मला अर्धी रांग लागली, बघ, तेवढ्यात दोन गाड्या आत गेल्या. मला त्याचं वाईट वाटतं, फार वाटतं. पण त्याहून एका गोष्टीचं जास्त वाटतं, आणि ती वहिनींनी काल फोन तुझ्या कानापासून लांब नेऊन सांगितली. तू झोपत नाहीस. गोळ्या बदलल्या, खोली बदलली, पलंग खिडकीकडे लावला, तरी तू छताकडे बघत पडून असतोस. डॉक्टर म्हणतात, झोप नाही तर व्यायाम नाही, आणि व्यायाम नाही तर जीभ आणि हात आहेत तेवढेही जातील. त्या रडत होत्या. म्हणाल्या, "असंच चाललं तर हे काही वाचायचे नाहीत, भाऊजी."

फोन ठेवला आणि मला तुझ्या धाकट्या मुलीचं बारसं झालं तो आठवडा आठवला. घर पाहुण्यांनी भरलेलं, तुला गादी-उशी सगळं घातलेलं, आणि तू गायब. शोधाशोध झाली तर महाशय गल्लीच्या तोंडाशी उभ्या केलेल्या गाडीत, इंजिन चालू ठेवून ढाराढूर. सगळी गल्ली धुराने खोकतेय, शेजारी दार बडवतोय. वहिनींनी इंजिन बंद केलं आणि तू पडद्यामागून विचारलंस, "कुठं आलो?" त्यांनी सांगितलं, "घरी. दुर्दैवाने." त्यावर आपण वर्षभर हसलो. अरे, तुला पलंगावर कधी झोप येत होती का? ती आता कुठून येणार? डॉक्टरांना हे कोणी सांगितलंच नाही, आणि तुला सांगता येत नाही.

म्हणून हे पत्र. पुढचं वहिनींच्या हातात दे. वहिनी, दुपारचं जेवण आणि औषधं झाली की ह्याला डाव्या कुशीवर वळवा, खिडकीचा पडदा ओढा, आणि माझा फोन आला की तो घेऊन, आवाज मोठा करून उशीपाशी ठेवा. मी त्या वेळी मोठ्या रस्त्याला लागलेला असतो. काही बोलणार नाही, नुसती गाडी चालवीन, तिकडचा आवाज माझ्याकडे केबिनमध्ये लावलेला असेल. लंबू, ती गादी मी कोणाला दिलेली नाही, आणि झोपायला स्टिअरिंग लागत नाही. तू घोरलास तर मला कळेल मी नीट चालवतोय. मध्येच आवाज तुटला तर बोगदा आलाय असं समज, मी पलीकडे निघून परत लावतो. पण कधीतरी गाडी थांबेल, मी इंजिन बंद करीन, आणि तू जागा होशील. तेव्हा जिभेशी झगडू नकोस. तू विचारलंस असं मी धरून चालेन, आणि कुठं आलो ते मीच सांगेन.

तुझाच,
आरशांची वाट लावणारा बुटक्या