उलटी मुरड

॥ श्री भगवती प्रसन्न ॥

हळर्ण,
ता. ८ ऑगस्ट २००३

चि. सौ. कमल हिस, अ. उ. आ.

मे महिन्यात सुटले, तेव्हापासून इथेच आहे. तुझ्या सगुणमामाने दारातून परतवले नाही, हे त्याचे मोठेपण. शालिनीवहिनी बोलते कमी, वाढते पोटभर. अंगात मात्र जोर नाही. उन्हात स्टँडपर्यंत चालले तरी डोळ्यांपुढे अंधारी येते. तुरुंगात गर्द सुटले, तेवढे एक भले झाले. पण शरीर त्याने आधीच खाल्ले होते.

केरीच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुण्यांच्या खोल्या झाडता झाडता पुडीची चटक लागली, मग त्याच पुड्या पोचवताना सापडले. तुझे सगळे वाढीचे वय त्यात गेले. त्याची माफी पत्रात मागून होत नाही, म्हणून मागत नाही.

लिहिण्याचे कारण, तुझ्या लग्नानंतरची ही पहिली गणेशचवथ. सासरी माहेरचे वजे, फळांची-गोडाधोडाची टोपली, जायला हवे. ते घेऊन मी साखळीला यावे असे मनात आहे. लग्न पाहिले नाही, निदान तुझे घर तरी बघेन. वज्यातल्या नेवऱ्या मीच सारण भरून करीन. मी डावखुरी, म्हणून कडेची माझी मुरड उलटी पडते. तुझा हात उजवा, तरी माझे बघून तूही तशीच घालायचीस आणि आजी दोघींना बोल लावायची. आठवते का?

जावईबापूंना आशीर्वाद, सासूबाईंना नमस्कार. अधूनमधून आठवण काढ, एवढेच मागणे.

तुझी आई,
प्रभावती


साखळी,
ता. १४ ऑगस्ट २००३

मायना काय लिहावा ते सुचेना. दोन-तीन कागद फाडले, शेवटी तसेच सुरू करते.

पत्र सासूबाईंच्या हाती पडले नाही, हे नशीब. तू येऊ नकोस. लग्न ठरताना मी इथे सांगितले की माझी आई मी लहान असतानाच तापाने गेली. मामा-मामींनी मान खाली घालून तेच सांगितले. दुसरे काय सांगणार होते? शाळेत मुली माझ्याशेजारी बसत नसत, तेव्हा तू नव्हतीस. माझी वेणी मामीने घातली, सासरी पाठवणी तिनेच केली. आता कुठे लोक मला नुसती कमल म्हणून ओळखतात. सासूबाई कडक आहेत, पण मायेच्या. त्यांच्या मनातून उतरले तर मी जाऊ कुठे?

वजे मामा-मामींच्या हाती पाठव. तुझा राग येतो असेही नाही. राग करायचाच कंटाळा आला आहे. तब्येत जप.

कमल


॥ श्री भगवती प्रसन्न ॥

हळर्ण,
ता. २० ऑगस्ट २००३

चि. सौ. कमल हिस, अ. उ. आ.

तुझे पत्र पोचले. वहिनी वाचून रडली, मी नाही. हवी होती तेव्हा जी आई नव्हती, तिला गेली म्हटलेस तर त्यात खोटे किती आणि खरे किती, देव जाणे. वाईट वाटले, नाही कशाला म्हणू? पण लेकीचे नुकसान करून आपला हट्ट पुरवणारी बाई मी एकदा होते, पुन्हा व्हायचे नाही.

दादा-वहिनी वजे घेऊन येतील. नेवऱ्या तेवढ्या मी करते, त्याला नाही म्हणू नकोस. नेवरीवर कोणाचे नाव लिहिलेले नसते. आमची आई म्हणायची, मुरड घातलेले लेकीला द्यावे, म्हणजे ती मुरडून माहेरी येते. तू ये असे मी म्हणत नाही. मनाला मुरड घालायला आता शिकले आहे.

थोडी माया शिल्लक असली तर राहू दे.

प्रभावती


॥ श्री दत्त प्रसन्न ॥

साखळी,
ता. ४ सप्टेंबर २००३

श्रीमती प्रभावतीताई यांस, सुलोचनेचा स. न. वि. वि.

मेलेल्या बाईच्या हातची नेवरी मी जन्मात पहिल्यांदाच खाल्ली. गोड किंचित कमी होती, बाकी उत्तम.

आमची सून नेवरीला उलटी मुरड घालते. नवी होती तेव्हा मी हसले, तर आईकडून उचलली म्हणाली. परवा वजे उघडले, तर टोपलीभर तीच मुरड. शालिनीबाईंना विचारले, त्या म्हणाल्या की मीच केल्या. मी पारी लाटून त्यांच्या हातावर ठेवली. मुरड सुलटी पडली आणि बाई रडायलाच लागल्या. मग सगुणरावांनी सगळे सांगितले.

जयराम दोन दिवस बायकोशी बोलला नाही. त्याला राग तुरुंगाचा नाही, जिवंत आईला मेलेली म्हटल्याचा आहे. उतरेल हळूहळू. मला तुमची भीती वाटत नाही, असे मीही खोटे लिहिणार नाही. या घरात पुन्हा खोटे नको आणि ती पुडी तर कधीच नको, एवढे पाळा.

वज्यातल्या नेवऱ्या वाड्यावर घरोघर द्यायच्या असतात, तशा दिल्या. विहीणबाईंच्या हातच्या म्हणून सांगून दिल्या. शेजारणीने विचारलेच, की विहीणबाई तर गेल्या होत्या ना. मी म्हटले, गेल्या होत्या, आता परत आल्या.

टोपली रिकामी परत करायची आमच्यात रीत नाही. भरून ठेवली आहे. न्यायला दादांना पाठवू नका, तुम्हीच या.

ओळख नेवरीने करून दिली, ती आता आपण वाढवावी.

आपली,
सुलोचना

खाली सूनबाई दोन ओळी लिहिते म्हणते.

आई, सकाळच्या बसने ये. उन्हाचे एकटी चालू नकोस, मी स्टँडवर उभी असेन.

कमल