दुपारी गप्प होणारा रेडिओ

४ मार्च

गिऱ्हाइकाच्या जुन्या रेडिओतून आवाज आला! आतले काचेचे व्हॉल्व्ह तापायला वेळ लागला, मग खरखर, मग एक बाई चक्क हवामान सांगायला लागली. गिऱ्हाईक खूश होईल. एफएम मात्र अजून दगा देतं — सेट तापला की स्टेशन निसटतं. म्हातारं खोड! आता रोज दुपारी हेच काम. आतल्या भागावरचं पत्र्याचं झाकण काढूनच ठेवलंय, सारखा हात घालावा लागतो.

७ मार्च

शेजारच्या काकू पुन्हा न्हाणीघरात पडल्या. लेक न्यायला आलीय. काकू हटून बसल्या. मला हळूच म्हणाल्या, "हे येतात रे. दुपारी. रेडिओ आपोआप गप्प होतो. ह्यांना चहा घेताना बडबड खपायची नाही ना! मी गेले तर मला कुठं शोधतील?"

काका जाऊन दोन वर्षं झाली. मान डोलावली नि घरी पळालो.

८ मार्च

दुपारी? ती तर माझी वेळ!

आमचा छोटा रेडिओ काकूंच्या स्टेशनवर लावला आणि जुन्या सेटचं बटण फिरवलं. छोटा गप्प! खरखर नाही, काही नाही — कुणी तोंडावर हात ठेवावा तसा. या सेटांची खोडच ही. स्टेशन पकडायला आत स्वतःची एक लहर तयार करतात. झाकण नसलं की ती भिंतीपलीकडे जाते आणि तिकडचं स्टेशन दाबून टाकते.

म्हणजे काका मीच! हसू यायला हवं होतं. आलं नाही.

९ मार्च

हिला सांगितलं. ही म्हणाली, "अहो, लोकांचे रेडिओ दुरुस्त करा, लोकांची भुतं कशाला?" पण काकू पुन्हा पडल्या तर? लेक जिन्यात रडत होती.

खरं सांगायला दारापर्यंत गेलो. आत काकूंचं बोलणं चाललेलं — गुडघा, खिडकीची कडी, लेक कशी वाळलीय. मधे मधे थांबत होत्या, उत्तर ऐकल्यासारख्या. दार न वाजवताच परत आलो.

झाकण घट्ट बसवून टाकलं.

१२ मार्च

काकू दारात. "येत नाहीत रे. रुसले असतील का?"

"नाही हो काकू," एवढंच म्हणालो.

१६ मार्च

काकू लेकीकडे गेल्या. रेडिओ मला देऊन गेल्या. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. बरं झालं. बरंच झालं की!

१८ मार्च

गिऱ्हाईक सकाळीच जुना सेट घेऊन गेलं.

दुपारी ही चहा टाकत होती. काकूंचा रेडिओ गाणं चालू असताना एकदम गप्प झाला. असेल आणखी कुणाकडे तसला सेट. असेलच.

भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "काका, काकू लेकीकडे गेल्या." मग लेकीचा पत्ताही सांगितला.