आईच्या फोनवरचा हिरवा ठिपका

८ फेब्रुवारी, रविवार. जामखेड

जमलं! आई धार काढत होती, फोन गोठ्यातल्या खुंटीवर, स्क्रीन बंद. कांद्याचे वाफे भरून पाणी बांधाबाहेर चाललेलं दिसलं तशी ती बसल्या जागेवरून ओरडली, "मोटार बंद!" आणि विहिरीवरची मोटार खरंच थांबली. माझ्या ॲपने ऐकलं! मी दारात उड्याच मारल्या.

किती दिवस हे ॲप मधेच बहिरं व्हायचं. मी नगरला बसून कोड बदलतेय, फोनच्या बॅटरी सेव्हरला शिव्या घालतेय. आणि काल इथे येऊन काय पाहिलं? बॅटरी वाचावी म्हणून आई रोज अंगठ्याने सगळी उघडी ॲप स्क्रीनवरून झाडून काढते, अंगण झाडावं तशी. त्यात माझंही जायचं. विचारायचं कसं सुचलं नाही मला? मग तिला स्क्रीनच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका दाखवला. तो दिसतोय तोवर ॲप ऐकतंय.

आत्ता जेवणानंतर तिचं झाडणं चाललं होतं. हवामान गेलं, भजनं गेली. माझ्या ॲपपाशी अंगठा थांबला. हिरवा ठिपका.

"काढ की, मोटार बंदच आहे," मी म्हटलं.

"न्हाई गं," आई म्हणाली. "त्ये कामावर हाय."